तंजावूरची उसनी कॅचर

मिरजेहून तंजावूरला बेसबॉल खेळायला गेलो होतो, असं सांगितलं की लोक दोन प्रश्न विचारतात. बेसबॉल का, आणि तंजावूर का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मी ज्या शाळेत खेळ शिकवत होते, तिथलं मैदान क्रिकेटवाल्या मुलांनी अडवलेलं असायचं. मुलींच्या वाट्याला एक त्रिकोणी तुकडा उरायचा. त्या तुकड्यात बेसबॉल बरोबर बसला. मी निवृत्त झाले, मुली मोठ्या झाल्या, नोकरीला लागल्या, काहींची लग्नं झाली. पण रविवारी सकाळी त्या अजूनही हातमोजे घेऊन येतात.

दुसऱ्याचं उत्तर असं, की तंजावूरच्या एका क्लबाने बोलावलं. सहा संघांची छोटी स्पर्धा होती. राज्याच्या यादीत ज्यांची नावं येत नाहीत, अशा बायकांची. या पायरीवर खेळणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: गुणफलकापेक्षा खेळाडूंची यादी जास्त वेळा बदलते. कुणाची परीक्षा येते, कुणाची बदली होते, कुणाला वरून बोलावणं येतं. वर एक जागा हलली की खाली चार हलतात. हे सगळं मला माहीत होतं. तरी तंजावूरच्या त्या चार दिवसांत यादीने मला जे दाखवलं, ते आधी पाहिलं नव्हतं.

उतरलो त्या सकाळी

गाडी तंजावूरला पोहोचायला अर्धा तास होता, आणि रेश्माने खिडकी लावायला घेतली. लोखंडी झडप निसटली आणि तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर आली. रेश्मा आमची कॅचर. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारी पिचर असते, आणि फलंदाजामागे उकिडवी बसून तो झेलणारी कॅचर. ती नुसती झेलत नाही. कुठला चेंडू टाकायचा ते बोटांनी खुणावते, आणि बेस चोरायला, म्हणजे फटका बसायच्या आधीच पुढच्या बेसकडे धावणाऱ्या मुलीला लांबून चेंडू फेकून बाद करते. बाकी कुठलीही जागा इकडची तिकडे करता येते. ही येत नाही. आणि आम्ही होतो सगळ्या मिळून बारा जणी.

फलाटावर गोविंदराव उभे होते. यजमान क्लबाचे प्रशिक्षक. लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी, पांढरा शर्ट आणि पायांत खेळाचे बूट. शाळेत गणित शिकवतात. घराणं मराठी, भोसल्यांच्या राज्यात इथे आलं ते इथलंच झालं.

"यावं, सुमतीबाई," ते म्हणाले. "प्रवास बरवा झाला?"

'बरवा' हा शब्द मी अभंगांबाहेर पहिल्यांदाच ऐकत होते, तोही तमिळच्या हेलात. मला इतकं छान वाटलं, की उत्तर द्यायच्या आधी मी हसले. मग रेश्माचं बोट दाखवलं.

ते आम्हांला सरळ दवाखान्यात घेऊन गेले. फोटो काढला, हाडाला बारीक चीर निघाली. डॉक्टरबाईंनी पट्टी बांधली आणि तीन आठवडे सांगितले. रेश्मा दवाखान्यात रडली नाही. बाहेर येऊन तिने कॉफी मागितली. पितळी पेला आणि खाली पितळी वाटी, त्यात वरून ओतून फेसाळ केलेली ती कॉफी पिताना मात्र तिचे डोळे भरले.

"डाव्या हाताने पिता येतंय," ती म्हणाली. "तेवढंच येतंय."

आमचा मुक्काम एका मंगल कार्यालयात होता. व्यासपीठावर नवरानवरीच्या दोन सोनेरी खुर्च्या तशाच होत्या. मुलींनी सामान टाकायच्या आधी त्यांच्यावर बसून फोटो काढून घेतले. मी मात्र स्पर्धेच्या चिटणीसबाईंना गाठलं. त्यांनी नियम समजावला. दुखापत झाली तर दुसऱ्या संघाच्या राखीव खेळाडूंतून एक जण उसनी घेता येते. दोन्ही प्रशिक्षकांनी लेखी संमती द्यायची. एकदा घेतली की ती स्पर्धा संपेपर्यंत तुमची. तुम्ही लिहून सोडलं तरच परत. आणि कुठलाही बदल सामन्याच्या सकाळी आठपर्यंत.

गोविंदराव शेजारीच उभे होते. "आमच्याकडे एक आहे," ते म्हणाले. "दोन वर्षं बाकावर बसते. पहिली कॅचर चांगली आहे ना, मणून."

म्हणून नाही, मणून. असंच बोलतात ते.

भवानी

संध्याकाळी चारला एक मुलगी मोपेडवरून आली. बावीस-तेवीस वर्षांची, औषधांच्या दुकानात काम करणारी. वेणीत अबोलीचा गजरा आणि हातात पिवळी कापडी पिशवी. पिशवीतून तिने कॅचरचा मास्क काढला. जाळी घासून चकचकीत केलेली होती.

"मराठी येतं?" मी विचारलं.

"कळतं," ती म्हणाली. मग तमिळमध्ये गोविंदरावांना काहीतरी म्हणाली.

"बोलायास लाजते," ते म्हणाले. "घरी आई बोलते, ही तमिळमध्ये उत्तर देते. आमच्या सगळ्या पोरांचं असंच."

आमची पिचर शुभांगी तंबोऱ्यांच्या कारखान्यात काम करते, भोपळे घासून घासून तिचे तळवे खरखरीत झालेत. तिने भवानीचा हात हातात घेऊन बोटं निरखली, वळवून पाहिली. मग म्हणाली, "चल, बस." 'बस' कळायला भवानीला काहीच अडचण आली नाही. पहिले दहा चेंडू तिने नुसते झेलले. अकरावा खाली टप्पा पडून उसळला, तो तिने छातीवर घेतला आणि खाली पडू दिला नाही. शुभांगी माझ्याकडे वळली.

"मॅडम, हिला दोन वर्षं बाकावर कुणी बसवलं?"

मी तिला हळू बोलायला सांगितलं. गोविंदराव जवळच होते.

पहिला सामना, पहिलं जेवण

मैदान एका कॉलेजमागे होतं. पोंगल होऊन आठवडाच झाला होता. रस्त्यांवर घराघरांपुढच्या मोठ्या रांगोळ्या अजून पूर्ण पुसल्या नव्हत्या. त्यांना इथे कोलम म्हणतात. आमच्याकडे रांगोळी दारापुरती. इथे ती निम्मा रस्ता घेते आणि दुचाकीवाले वळसा घालून जातात. आमच्या मुलींनीही वळसा घातला, एकदा पूजाचा पाय पडलाच, तर घरातल्या बाईंनी हसून हात हलवला.

तिसऱ्या डावात समोरच्या संघाची एक चपळ मुलगी दुसरा बेस चोरायला धावली. भवानी उठली ती फेकतच उठली. चेंडू पूजाच्या हातमोज्यात गेला तेव्हा ती मुलगी चार पावलं लांब होती. पूजा आमची दुसऱ्या बेसवरची. ती झेल घेऊन तशीच उभी राहिली, कारण असा सरळ चेंडू तिच्याकडे कधी आलेला नव्हता.

"स्पर्श कर!" भवानी ओरडली. "उभी काय राहतीस गे!"

पूजाने चेंडू तिला टेकवला आणि मुलगी बाद झाली. आमच्या बाकावर हशा झाला, आणि त्यानंतर भवानी अडखळत का होईना, बोलायला लागली. ती 'सांगितलं' म्हणायची नाही, 'सांगटलं' म्हणायची. शुभांगीने दुसऱ्या दिवसापर्यंत तेच उचललं. आम्ही सामना जिंकलो.

संध्याकाळी भवानीच्या आईने सगळ्यांना जेवायला बोलावलं. इंदुबाई म्हणाल्या, "पिटलै केलं आहे." आमच्या मुली खूश. दोन दिवस इडली-डोसे चालले होते, आता पिठलं-भात. केळीच्या पानांवर वाढलं ते पाहून सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. चिंचेचा कोळ, डाळ, ओलं खोबरं आणि त्यात कारल्याच्या फोडी. बेसनाचा पत्ता नाही.

"हे पिठलं?" पूजाने विचारलं.

"होव, पिटलै," इंदुबाई म्हणाल्या. "तुमच्या ऊरी कसं करतात?"

ऊर म्हणजे गाव. मी बेसनाचं सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि मान हलवली. "आमच्या वडिलांच्या आजीपासूनचं नाव तेवढं राहिलं, आतलं सगळं बदललं," त्या म्हणाल्या, आणि वाढायला पुढे सरकल्या. कारलं न खाणाऱ्या रेश्माने डाव्या हाताने चमचा धरून दोनदा घेतलं. डांगराची पच्चडी मात्र थेट माझ्या आईच्या हातची होती, उडदाचं पीठ, दही आणि वरून मोहरीची फोडणी. त्या एका वाटीपुरती मी मिरजेत होते.

भवानीचे वडील सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतात. फार बोलले नाहीत. निघताना त्यांनी मला तमिळमध्ये काही विचारलं. इंदुबाईंनी सांगितलं, "विचारतात, खरंच नऊजणींत खेळली का? बदली नव्हे?"

"पहिल्या नऊत," मी म्हटलं. "पूर्ण सात डाव."

मोठं कोविल आणि ओरत्तनाडु

तिसऱ्या दिवशी पहाटे भवानीने आम्हांला मोठ्या कोविलात, म्हणजे देवळात नेलं. बृहदीश्वराचं ते शिखर मी चित्रात शंभर वेळा पाहिलं होतं, पण चित्रात त्याच्या खालची माणसं दिसत नाहीत. दोन शाळकरी मुली शिखराच्या सावलीत गृहपाठ करत होत्या. एक आजोबा दगडावर पाठ शेकत झोपले होते. आपल्याकडे देवळात गेलं की निघायची घाई असते. इथे लोक राहायला आल्यासारखे बसतात.

भवानीने एका भिंतीकडे बोट केलं. "हे तुमचं अक्षर."

दगडात कोरलेला लांबच लांब मराठी मजकूर होता, भोसल्यांच्या घराण्याची हकिकत. ती लहानपणापासून या भिंतीजवळून जात होती, पण देवनागरी तिला वाचता येत नव्हती. मी वाचायला लागले. अक्षरं जुनी, शब्द जोडलेले. दोन ओळींना दहा मिनिटं लागली. राजांची नावं आली तशी ती मान डोलवत होती. मग म्हणाली, "मला वाटायचं देवाचं काही असेल. हे तर घरातलंच आहे."

दुपारचा सामना ओरत्तनाडुला होता. बस कालव्याच्या कडेने गेली. भात कापणीला आलेला, पिवळा. मध्ये नारळीच्या बागा, आणि रस्त्याच्या निम्म्या भागावर वाळत घातलेला भात. समोरून कापणीचं यंत्र आलं तेव्हा बस वीस मिनिटं मागे मागे गेली. मैदानाजवळ मराठ्यांनी बांधलेलं मुक्तांबाळ छत्र आहे, वाटसरूंच्या जेवणाराहण्याची जुनी धर्मशाळा. तिच्या दगडी जोत्याला घोडे आणि चाकं कोरलेली आहेत, एखाद्या रथासारखी. सामन्याआधी आम्ही तिथे सावलीत बसून चिंचेचा भात खाल्ला, आणि माझ्या मनात आलं, वाटसरू म्हणून आमचा हक्कच आहे.

सामना शेवटच्या डावापर्यंत बरोबरीत होता. दोन बाद असताना भवानीने मारलेला चेंडू कुंपणापाशी गेला आणि आम्ही एका धावेने जिंकलो. अकरा वर्षांत आमचा क्लब कधी अंतिम सामन्यात गेला नव्हता. परतीच्या बसमध्ये मुली इतक्या गायल्या की वाहकाने शेवटी स्वतःच एक गाणं म्हटलं.

समोर अंतिम सामन्यात होता गोविंदरावांचा क्लब.

हलवा

मंगल कार्यालयाच्या दारात गोविंदराव पत्र्याचा डबा घेऊन उभे होते. डब्यात अशोका हलवा, मुगाच्या डाळीचा, तुपाने चमकणारा. बोटांना चिकटत नाही, सरळ घशात उतरतो.

"गोड कशाचं?" मी विचारलं.

"आमची कॅचर गेली," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा फुलला होता. "राज्याच्या शिबिरातून बोलावणं आलं. दुपारच्या बसने चेन्नईला पाठवली. आमच्या क्लबातून वर गेलेली पहिलीच."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग एकेक जणीच्या लक्षात आलं आणि टाळ्या थांबल्या. त्यांच्याकडे आता कॅचर नव्हती. त्यांची दुसरी कॅचर आमच्या यादीत होती, आणि कागद माझ्या पिशवीत होता.

"मी मागावयास आलो नाही, बाई," गोविंदराव म्हणाले. "गोड द्यायास आलो. नियम नियम आहे."

आता जे सांगते ते सांगायला मला आवडत नाही. मी म्हणाले, "उद्या आठपर्यंत वेळ आहे ना? बघते." बघण्यासारखं काही नव्हतं. मला अंतिम सामना जिंकायचा होता. रेश्माचं बोट मोडल्यावर याच माणसाने न मागता आपली खेळाडू दिली होती, हे माहीत असूनही मला ती ठेवून घ्यायची होती. गोविंदराव "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि डबा माझ्या हातात ठेवून गेले.

आम्ही गच्चीवर बसलो. ऊन अजून होतं. मुली दोन्ही बाजूंनी बोलत होत्या. नियमाने ती आपली आहे. हो, पण त्यांच्याकडे कुणीच नाही. आपल्याकडे तरी कोण आहे? शेवटी शुभांगी म्हणाली, "मॅडम, तिलाच विचारा की. ती इथेच बसलीये."

भवानी कठड्याला टेकून बसली होती. मी विचारलं, "तुला काय पाहिजे?"

तिने बराच वेळ शब्द जुळवले.

"मिस्, तुम्हांकडे खेळले, मला फार आवडलं. तुम्ही नाही सोडलं, तर उद्या मी तुम्हांसाठी जीव लावून खेळेन. ते खरं आहे." मग म्हणाली, "पण अप्पाने मला आमच्या ऊरच्या शर्टात कधी पाहिलं नाही. उद्या दुकान बंद करून येतात."

मी पिशवीतून कागद काढला. खाली लिहिलं, की ही खेळाडू आम्ही आनंदाने तिच्या क्लबाकडे परत सोडत आहोत. घाईत मराठीतच लिहिलं गेलं. शुभांगीने तो वाचला आणि म्हणाली, "मग कॅचर कोण?"

"मी बसते," पूजा म्हणाली. पूजा आयुष्यात कधी मास्क घालून बसली नव्हती.

कागद घेऊन मी आणि भवानी मोपेडवरून चिटणीसबाईंकडे गेलो. त्यांनी तो उलटसुलट पाहिला. मी वाचून दाखवला, भवानीने तो तमिळमध्ये सांगितला, आणि 'आनंदाने' हा शब्द दोनदा सांगितला. परत आल्यावर ती घरी गेली नाही. कार्यालयाच्या अंगणात उजेड होता तोवर तिने पूजाला बसायला शिकवलं. गुडघे किती उघडायचे, उसळलेला चेंडू छातीने कसा दाबायचा, शुभांगीचा कुठला चेंडू शेवटी आत वळतो. उद्या ती समोरच्या संघात असणार होती, आणि तिने काहीही राखून ठेवलं नाही. रेश्मा पायरीवर बसून मधे मधे सूचना करत होती. भवानीने तिला शेवटी सांगितलं, "अक्का, एकीने शिकवू दे."

अंतिम सामना

मैदानावर शंभरेक माणसं होती. भवानीचे वडील इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यात पुढे उभे होते. इंदुबाईंनी दोन्ही संघांसाठी ताकाचे हंडे आणले होते. भवानी निळ्या शर्टात आली. तो दोन वर्षं घडीतच होता. घडीच्या रेघा उठून दिसत होत्या.

पूजाने पहिल्या डावात तीन चेंडू सोडले आणि त्यांच्या दोन धावा झाल्या. तिसऱ्या डावानंतर तिने एकही सोडला नाही. दोन तिच्या दंडावर बसले, त्यांचे वळ तिने नंतर सगळ्यांना दाखवले. शेवटच्या डावात आम्ही फलंदाजीला आलो तेव्हा त्यांच्या चार धावा, आमच्या तीन. दोघी बाद, तिसरी गेली की संपलं. शुभांगी दुसऱ्या बेसवर, आणि फलंदाजीला पूजा.

पूजाने मारलेला चेंडू डावीकडे मोकळ्या जागेत पडला. शुभांगी तिसरा बेस ओलांडून घरच्या बेसकडे सुटली. लांबून चेंडू आला. भवानी बेस अडवून उभी होती. चेंडू आणि शुभांगी एकाच क्षणी तिच्यापाशी पोहोचले आणि धुळीत दोघी दिसेनाशा झाल्या. धूळ बसली तेव्हा भवानीने हातमोजा वर केला. चेंडू त्यात होता.

शुभांगी उताणी पडूनच हसत होती. "मीच सांगटलं होतं हिला," ती धापा टाकत म्हणाली, "मी डावीकडून घसरते म्हणून."

आम्ही हरलो. भवानीच्या वडिलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते मैदानात आले, मुलीच्या शर्टावरची धूळ दोन्ही हातांनी झटकायला लागले, आणि झटकतच राहिले.

घरी

स्टेशनवर गोविंदराव पुन्हा आले, या वेळी केळीचा अख्खा घड घेऊन. गाडीला वेळ होता. मी त्यांना विचारलं, की भवानीला त्यांनी दोन वर्षं बाकावर का ठेवलं. रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं.

"पहिली चांगली होती, मणून दुसरीस पाहिलंच नाही," ते म्हणाले. "दर वर्षी यादी लिहायला घेतली की मागची यादी पुढ्यात ठेवायचो. तुम्ही नेली, तेव्हा लांबून पाहिली."

गाडीत पूजाने जाहीर केलं, की यापुढे ती कॅचर. रेश्माने जाहीर केलं, की तीन आठवड्यांनी बोट बरं होणार आहे. त्यावरून दोघी बंगळुरूपर्यंत भांडल्या, मधे केळी खाऊन, आणि बंगळुरूनंतर पुन्हा सुरू झाल्या. डब्यातले लोक दोन बाजूंत वाटले गेले. समोरच्या काकूंना बेसबॉलचं काही माहीत नव्हतं, पण त्या पूजाच्या बाजूने होत्या.

मागच्या रविवारी रेश्माची पट्टी निघाली. दोघी लवकर येऊन माझ्या आधीच मैदानात उभ्या होत्या. पुढच्या महिन्यात कोल्हापूरला सामने आहेत. मी कोरा कागद घेतला, दोघींना आळीपाळीने शुभांगीसमोर बसवलं, आणि कुंपणापर्यंत मागे जाऊन उभी राहिले.